नदीची वहिवाट आणि आपली सुशिक्षित मंडळी

आषाढ सरून श्रावण लागण्याच्या सुमारास आमच्या सुशिक्षित समाजास परोपकाराची एक उबळ येते. कृष्णेला, पंचगंगेला किंवा वाशिष्ठीला पूर आला की चौकाचौकांत मदतीच्या पेट्या फिरू लागतात, कपाटांतील जुने कपडे बाहेर निघतात, बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या यांनी भरलेले टेम्पो घाटाखाली धावू लागतात, आणि त्या टेम्पोंवरील फलकांत देणाराचे नाव घेणाराच्या गरजेपेक्षा मोठ्या अक्षरांत झळकते. ह्या परोपकाराची थट्टा करावी असा आमचा हेतू नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडात जे तरुण कमरेइतक्या चिखलात उतरले, त्यांच्यापुढे घरात बसून लेख लिहिणाऱ्याने नम्रच असावे. परंतु पाणी ओसरल्यावर हाच समाज उरलेले अकरा महिने काय करतो, हे विचारण्याचा अधिकार कोणासही आहे. आमच्या पाहण्यातले उत्तर असे की, उरलेले अकरा महिने तो नदीकडे गच्ची असलेली सदनिका शोधीत असतो.

काही दिवसांपूर्वी एका जुन्या स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. गृहस्थ बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंत्याच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. हातून पूल, रस्ते आणि दोन लहान धरणे झालेली, आणि त्या सर्वांच्या तारखा मुलांच्या वाढदिवसांप्रमाणे पाठ असलेले. त्यांच्या कन्येने स्थापत्याची पदवी घेतल्यावर आपत्तिनिवारणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि नदीकाठच्या एका जिल्ह्यात कराराची नोकरी धरली. घरात त्याविषयी सुतक धरल्यासारखी शांतता होती. चहा झाल्यावर वडिलांनी आपले दुःख मांडले. “अहो, हिच्या बरोबरीच्या मुली मोठमोठ्या कंपन्यांत आहेत. हिने ही पुराची नोकरी धरली. पूर आला तर हिला काम. नाही आला तर वर्षभर हिने करायचे काय?” मुलगी म्हणाली, “काका, बाबा उलटे सांगताहेत. पूर आला म्हणजे माझे काम संपलेले असते. जे करायचे ते आधीच करायचे असते.” वडील हसले, आणि विषय निघाला तसाच मिटला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. ज्या समाजाने शेकडो अभियंते, डॉक्टर आणि सनदी अधिकारी निर्माण केले, त्यास ह्या मुलीचे हे साधे वाक्य कळू नये, ह्यात काहीतरी मोठी खोट आहे. आणि ती खोट बुद्धीची नसून सोयीची आहे, असे आमचे म्हणणे आहे.

ह्या मुलीचे काम तरी काय? सरकारी भाषेत त्यास ‘आपत्ती सौम्यीकरण’ असे जिभेस फेस आणणारे नाव आहे. पण काम सोपे सांगता येते. नदीच्या पात्राचे जागोजाग छेद घ्यावयाचे, मागील वर्षांच्या पाणीपातळ्या आणि पर्जन्यमान पाहावयाचे, अमुक इतके पाणी आले तर ते कोणत्या गल्लीत किती फूट चढेल ह्याचा हिशेब मांडावयाचा, तो हिशेब नकाशावर रेषेच्या रूपाने उतरवावयाचा, आणि मग, ह्यातच सारी मेख आहे, त्या रेषेच्या आत घर, शाळा, इस्पितळ किंवा मंगल कार्यालय बांधू इच्छिणाऱ्यास ‘नाही’ म्हणावयाचे. कोणत्या धरणातून किती पाणी केव्हा सुटेल ह्याची खबर खालच्या गावास वेळेवर पोचविणे, माणसे व गुरे कोणत्या वाटेने न्यावयाची हे कोरड्या दिवसांत ठरवून ठेवणे, वारंवार बुडणाऱ्या वस्तीस वर हलविण्याचा खर्च आणि तिला दरवेळी द्यावी लागणारी भरपाई ह्यांची तुलना करणे, हेही त्याच कामाचे भाग. परंतु मुख्य भाग ‘नाही’ म्हणण्याचा. पूल बांधणाऱ्यास पूल दाखविता येतो. पुरात माणूस वाचविणाऱ्यास तो माणूस दाखविता येतो. जे घर नदीत बांधलेच गेले नाही आणि म्हणून बुडालेच नाही, ते कोणास दाखवावे? त्याच्या उद्घाटनास मंत्री येत नाही, त्यावर कोनशिला बसत नाही, आणि त्याचे छायाचित्र कोणी भिंतीवर लावीत नाही. ज्यास समाजाचे आभार हवे असतील त्याने ह्या धंद्यात पडूच नये.

आता नदीचा हक्क पाहू. आमचे वाचक खटल्यांच्या भाषेत मुरलेले असतात, म्हणून त्याच भाषेत बोलतो. शेजाऱ्याच्या जमिनीतून एखादी पायवाट वीस वर्षे उघडपणे व निर्वेध वापरली, तर १८८२ च्या कायद्याप्रमाणे वापरणाऱ्यास वहिवाटीचा हक्क मिळतो; मालकास मग ती बंद करता येत नाही. कृष्णा आपल्या काठच्या मळीवरून किती वर्षे जात-येत आहे? ती मळीच मुळी तिच्या गाळाची. तिनेच आणून टाकलेली. पूर म्हणजे नदीने पात्र सोडून केलेली शिरजोरी, ही समजूत चुकीची आहे. पावसाळ्यात ज्यातून वाहते ते पूरमैदान हा पात्राचाच दुसरा भाग होय. उन्हाळ्यातली नदी तिच्या घराचा माजघरापुरता भाग वापरते आणि भरल्या पावसाळ्यात ओसरीपर्यंत येते, इतकेच. आम्ही त्या ओसरीत आपले बिऱ्हाड थाटतो आणि मालकीण आली की ‘घुसखोर’ म्हणून ओरडतो.

ही गोष्ट खेड्यांतील मनुष्यास शिकवावी लागत नसे. ‘पांढरी’ आणि ‘काळी’ हा भेद आमच्या भाषेत उगीच आलेला नाही. वस्ती पांढरीवर, उंचवट्यावर; पीक काळीत. काळीत पाणी आले तर एक हंगाम जाई, पांढरीत आले तर संसार जाई, हे त्यास ठाऊक होते. पूर्वजांची थोरवी गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्या पांढरीच्या सखल कडेस कोणत्या जातींना बसविले जाई हेही आम्हांस ठाऊक आहे. तथापि पाण्याची वाट कोणती हे त्या मनुष्यास न शिकता कळत होते, आणि आम्हांस शिकूनही कळत नाही.

शिकण्याची सोय नाही असेही नाही. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा मानल्या जातात. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. नदी आणि निळी रेषा ह्यांमधील क्षेत्र निषिद्ध. तेथे शेती असावी, बाग असावी, पोरांनी खेळावे, पण घर असू नये. निळ्या व लाल रेषांमधील क्षेत्र नियंत्रित. तेथे जोते पुराच्या पातळीच्या वर घेऊन बांधता येते. व्यवस्था इतकी सोपी आहे. परंतु ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकताच आमचा सुशिक्षित गृहस्थ मनाशी हिशेब करतो की, २०१९ साली मोठा पूर येऊन गेला, तेव्हा आता आपल्या नातवंडांपर्यंत काळजी नाही. त्या शब्दांचा अर्थ तो नव्हे. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याचा संभव दर वर्षी शेकडा ४ आणि लाल रेषेपर्यंत येण्याचा दर वर्षी शेकडा १. गेल्या वर्षी येऊन गेले म्हणून पुढील वर्षी सवलत मिळत नाही. आता वीस वर्षांच्या मुदतीने घराचे कर्ज काढणाऱ्याने हा हिशेब पुढे न्यावा. निळ्या रेषेवरच्या घरात त्या वीस वर्षांत एकदा तरी पाणी शिरण्याचा संभव शेकडा ५५ हून अधिक पडतो, आणि लाल रेषेवरच्या घरात सुमारे शेकडा १८. म्हणजे पहिल्या प्रकारात नाणे उडवून छापकाटा करणे अधिक सुरक्षित! शिवाय ह्या रेषा मागील नोंदींवरून काढलेल्या. पावसाचे मान बदलत चालले असता त्या पुढे आणखी वर सरकण्याचाच संभव जास्त. कोल्हापूरचे लोक राजाराम बंधाऱ्यावर आणि सांगलीचे लोक आयर्विन पुलावर पाणी किती फूट झाले ते पावसाळाभर घोकीत असतात. बंधाऱ्यावर ४३ फूट आणि पुलावर ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर आणि कृष्णा ५७ फुटांपर्यंत गेली. २००५ च्या ज्या पुरास लोक कायमचा कळस समजून बसले होते, तो चौदा वर्षांत मागे पडला. ब्रह्मनाळ येथे माणसे बाहेर काढीत असता नाव उलटून त्यांतली कित्येक बुडाली. आणि दोनच वर्षांनी, २०२१ साली, पंचगंगा पुन्हा ५५ फुटांपलीकडे गेली.

हा हिशेब मांडला की आमच्यावर पहिला आक्षेप येतो तो ‘विकासा’चा. जमीन अपुरी, शहरे वाढती, आणि तुम्ही नदीकाठची सोन्यासारखी जागा रिकामी ठेवा म्हणता! ह्यास उत्तर असे की, ती जागा सोन्यासारखी झाली कशाने? तीवरील बुडीचा खर्च जागेच्या किमतीत धरलेला नाही म्हणून. विकणारा पैसे घेऊन जातो, घेणारा कर्ज काढतो, पाणी येते, आणि भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्याही खिशातून, दिली जाते. ज्या व्यापारात नफा एकाचा आणि तोटा गावाचा, त्यास विकास म्हणण्याचे धारिष्ट आम्हांस होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, आणि तो आमच्या निवृत्त स्नेह्यांसारख्या अभियंत्यांचा आहे. ते म्हणतात, रेषा कशाला? धरणे आहेत, हवी तर आणखी बांधू, काठाने भिंत घालू. ह्याचा विचार जरा सविस्तर केला पाहिजे, कारण त्यात ह्या सबंध धंद्याच्या जन्माची कथा आहे.

अमेरिकेत गिल्बर्ट व्हाइट म्हणून एक भूगोलाचा अभ्यासक होऊन गेला. त्याचा जन्म १९११ सालचा, शिकागोचा. रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत तो वॉशिंग्टनच्या नियोजनाच्या कचेऱ्यांत नोकरीस होता, आणि त्याच दिवसांत, १९३६ साली, अमेरिकन सरकारने पूर नियंत्रणाचा मोठा कायदा करून धरणे व बांध यांवर पैशांचा पाऊस पाडण्यास आरंभ केला. कचेरीत बसून हे सर्व पाहत असता त्याच्या मनात जो संशय आला, त्यावर त्याने प्रबंध लिहिला. तो १९४२ साली शिकागो विद्यापीठास सादर झाला व १९४५ साली छापून निघाला. पाणी किती यावे हे पावसाच्या हाती असले तरी त्या पाण्याने कोणाचे किती बुडावे हे मनुष्य स्वतःच आधी ठरवून ठेवतो, असे त्याचे थोडक्यात प्रतिपादन होते. पुढे १९५८ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शहरांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा असे आढळले की, इतका खर्च होऊनही पूरमैदानांतील वस्ती कमी न होता वाढलीच आहे. कारण उघड आहे. भिंत घातली की लहान पूर थांबतात. लहान पूर थांबले की लोक मोठा पूर विसरतात. विसरले की भिंतीच्या आड दुमजली, चौमजली घरे उठतात, कारखाने येतात, इस्पितळे येतात. मग एके दिवशी भिंतीच्या मापाहून मोठे पाणी येते, आणि जेथे पूर्वी चार गोठे बुडाले असते तेथे नगर बुडते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटून त्या शहराचा पाऊण भागाहून अधिक पाण्याखाली गेला, तो ह्याच न्यायाने.

व्हाइटची नोकरी कोणी त्या वेळी हेवा करण्यासारखी समजत नव्हते. धरणे बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या मोठ्या फौजेपुढे हा एक कारकुनी पेशाचा भूगोलवाला. परंतु १९६६ साली सरकारने नेमलेल्या पूरविषयक समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, १९६८ साली पूरविम्याचा कायदा झाला, आणि विमा हवा असेल तर गावाने पूरमैदानावरील बांधकामास नियम लावले पाहिजेत अशी अट त्यात आली. त्या अटीने गावोगाव एक नवा मनुष्य जन्मास घातला. नकाशा हाती घेऊन परवानगी देणारा व नाकारणारा हा पूरमैदान-व्यवस्थापक होय. १९७७ साली राज्याराज्यांतील अशा अधिकाऱ्यांची संघटना उभी राहिली. पुढे त्यांच्यासाठी परीक्षा व प्रमाणपत्र आले. तो डॉक्टर-वकिलांसारखा एक मान्य धंदा झाला. व्हाइट २००६ साली वारला तेव्हा ह्या कामास साठाहून अधिक वर्षे झाली होती. तेथेही सर्व आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. विम्याचे हप्ते राजकीय भीतीने स्वस्त ठेवले गेले, तीच तीच घरे बुडून पुन्हा पुन्हा त्याच जागी बांधली गेली, आणि २०१७ साली विमायोजनेचे १६०० कोटी डॉलरचे कर्ज काँग्रेसला माफ करावे लागले. म्हणजे रेषा काढणारा मनुष्य नेमून भागत नाही. त्यास ‘नाही’ म्हणू देणारा समाजही लागतो. तरी पण तेथे तो मनुष्य आहे. येथे तो करारावर आहे.

ह्या ठिकाणी कोणी अलमट्टीचा विषय काढल्यावाचून राहणार नाही. सांगलीत पाणी चढू लागले की कर्नाटकातील त्या धरणाकडे बोट जाते, आणि कोयनेचे पाणी केव्हा सोडले, राधानगरीचे दरवाजे केव्हा उघडले, ह्यांवरून वर्तमानपत्रांत लढाई जुंपते. धरणांत पावसाळ्याच्या ऐन भरात किती पाणी ठेवावे हा वाद खोटा नाही. तज्ज्ञांनी तो जरूर लढवावा, व दोन राज्यांनी एकमेकांस क्षणोक्षणी खबर द्यावी. परंतु हा वाद आम्हांस इतका प्रिय का, हेही पाहिले पाहिजे. त्यात दोष नेहमी दुसऱ्या गावचा असतो. आपल्या गल्लीतील नाला बुजवून त्यावर कोणी इमारत उठविली, आणि तिच्या वास्तुशांतीस पेढे खाण्यास आपणच गेलो होतो, हे त्यात निघत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, तो खरोखर धरणाचा अपराध होता. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने टांगेवाले कॉलनीत जी माणसे मारली, तेथे कोणते धरण होते? तो तर ओढा. आणि त्यास वाहण्यापुरती जागाही शहराने शिल्लक ठेवली नव्हती. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतल्या सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरले तेव्हा धरणाचे विसर्ग मोठे होते, हे खरे. पण नदीशेजारी तळमजला घेणाराने विसर्गाचे आश्चर्य करावे, हे त्याहून मोठे आश्चर्य.

तिसरा आक्षेप गरिबांच्या नावाने केला जातो, आणि त्यापुढे आम्ही मान लववितो. कारण तो अर्धा खरा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्याच दिवशी कुलाब्यास पाऊणशे मिलिमीटरही नव्हता. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी त्या दिवशी मुंबईकरांस प्रथमच ठाऊक झाली. त्या आधी ती गटार म्हणून ओळखली जाई. लागलीच झोपड्यांचे अतिक्रमण, झोपड्यांचे अतिक्रमण, असा गजर झाला. झोपड्या होत्या, ह्यात शंका नाही. परंतु विमानतळाच्या धावपट्टीपाशी त्या नदीस अंग चोरून वळावे लागते, ते कोणत्या झोपडीमुळे? तिच्या मुखापाशीच्या खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उठले, ते कोणत्या झोपडीवाल्याने उठविले? झोपडीवर हातोडा पडतो आणि संकुलाची घरपट्टी वाढते. हा न्याय असेल तर पूररेषा म्हणजे गरिबांस हाकलण्याचा चाबूक, असे गरिबांच्या कैवाऱ्यांनी म्हणावे ह्यात नवल काय?

मात्र ह्यावरून रेषा पुसून टाकावी असे जे अनुमान ते काढतात, ते आम्हांस मान्य नाही. पुरात प्रथम मरतो तो गरीबच. ज्याचे सर्वस्व एका ट्रंकेत मावते, त्याची ट्रंक वाहून गेली म्हणजे त्यास विमा नसतो, दुसऱ्या मजल्यावरचा आप्त नसतो, आणि पंचनाम्यात दाखविण्यास कागदही नसतो. त्यास नदीत राहू देणे ही दया नव्हे. त्यास कामाच्या जवळ, वर, पक्के घर देणे आणि मगच रेषा राबविणे ही दया. आणि तीच रेषा त्याच दिवशी त्याच कडकपणे शेजारच्या मंगल कार्यालयास लावणे हा न्याय. ह्या दोहोंचा हिशेब मांडणारा मनुष्य हवा, म्हणूनच तर आम्ही ह्या धंद्याची वकिली करीत आहोत. नुसता अभियंता तो मांडू शकत नाही, कारण त्यास माणसे मोजता येत नाहीत. आणि नुसता समाजसेवक मांडू शकत नाही, कारण त्यास पाणी मोजता येत नाही.

आणि आज हा हिशेब मांडण्याचे काम आहे तरी कोणाचे? पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. त्या रेषेच्या आत-बाहेर बांधण्याची परवानगी नगरपालिका किंवा महानगरपालिका देते. पूर आल्यावर पंचनामे महसूल खाते करते आणि भरपाई मदत व पुनर्वसन विभाग वाटतो. जो रेषा आखतो त्यास ती मोडल्याचे दुःख नाही, जो मोडू देतो त्यास भरपाई द्यावी लागत नाही, आणि जो भरपाई देतो त्यास परवानगी कोणी दिली हे विचारण्याचा अधिकार नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! २००५ च्या पुरानंतर वडनेरे समिती बसली. २०१९ च्या पुरानंतर पुन्हा वडनेरे समितीच बसली. एकाच जाणत्या गृहस्थास चौदा वर्षांनी जवळजवळ तोच प्रश्न विचारावा लागतो, ह्याचा अर्थ पहिल्या उत्तराचे आम्ही काय केले हे वाचकांनी ओळखावे. पूरमैदानाच्या विभागणीचा कायदा कसा असावा ह्याचा नमुना केंद्राने १९७५ सालीच राज्यांकडे पाठविला. मणिपूरने १९७८ साली कायदा केला, राजस्थानने १९९० साली, उत्तराखंडाने २०१२ साली. सुधारणेच्या बाबतीत स्वतःस सर्वांपुढे समजणाऱ्या महाराष्ट्राने मात्र परिपत्रकांवर आणि बांधकाम नियमांवर वेळ भागविली. परिपत्रक काढणे सोपे, कारण ते फिरविणेही सोपे.

पैशांची कथा त्याहून बोलकी आहे. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ सालचा. त्यात आपत्ती येण्याआधी करावयाच्या कामांसाठी निधी सांगितलेला होता. राष्ट्रीय पातळीवर तो निधी प्रत्यक्ष अस्तित्वात येण्यास २०२१ साल उजाडले. पंधराव्या वित्त आयोगाने ह्या कार्यासाठी जी वाटणी सुचविली, तीत दर शंभर रुपयांतले ऐंशी आपत्तीनंतरच्या कामास आणि वीस आधीच्या कामास आहेत. आधीच्यास काहीच नव्हते तेथे वीस मिळाले, म्हणून आम्ही आयोगाचे आभार मानतो. पण तहान लागल्यावर विहीर खणण्यास चार हिस्से आणि आधी खणण्यास एक, हे प्रमाण आमच्या राष्ट्रीय स्वभावाचे बिनचूक माप आहे, असेही म्हणतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ह्या विषयाचे शिक्षण मिळते, पुण्याच्या यशदेत अधिकाऱ्यांस प्रशिक्षण मिळते. शिकून बाहेर पडणारास मात्र बहुधा जिल्ह्याच्या कचेरीत कराराची खुर्ची मिळते, आणि करार दर काही महिन्यांनी नवा करून घ्यावा लागतो. ज्याची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही हे ठाऊक नाही, त्याने गावातील सर्वांत बड्या बांधकाम व्यावसायिकास ‘नाही’ म्हणावे, अशी आमची अपेक्षा असते! ह्या जागा कायम व्हाव्या, त्यांस रेषेच्या आतील कोणतीही परवानगी रोखण्याचा अधिकार कायद्याने मिळावा, आणि सदनिकेच्या विक्रीखतात व जमिनीच्या उताऱ्यावर ती निळ्या रेषेत आहे की लाल, हे ठळक अक्षरांत लिहिणे सक्तीचे व्हावे, ही आमची मागणी आहे. शेवटच्या गोष्टीस तर तिजोरीचा एक पैसाही लागत नाही. तरीही ती आजवर झाली नाही. सरकारला ती सुचली नसेल असे नव्हे. तसे लिहिले तर आपल्या घराची किंमत उतरेल, ही भीती ज्यांना आहे ते आमचेच वर्गबंधू आहेत.

येथे आमच्या स्नेह्यांचा पुन्हा उल्लेख करावा लागतो. त्या दिवशी निघताना त्यांनी आम्हांस दारापर्यंत येऊन हळूच सांगितले की, नदीकाठच्या एका नव्या इमारतीत जागा पाहिली आहे, इसारही दिला आहे, वारा फार चांगला येतो. मुलीस विचारले काय, असे आम्ही म्हटले. “तिला काय विचारायचे? ती नाहीच म्हणणार,” असे ते उत्तरले. त्यांनी आयुष्यभर धरणे बांधली. नदीचे पाणी कोठवर येते हे त्यांच्यापेक्षा अधिक कोणास ठाऊक असावे! पण घर घेताना त्यांनी वारा मोजला, पाणी मोजले नाही.

नव्या पूररेषांचे नकाशे प्रसिद्ध होतात तेव्हा वाद उठतो, आणि त्या वादाचा एक ठरलेला मासला आमच्या पाहण्यात आहे. रेषा माझ्या भूखंडापासून चार मीटर मागे न्या, माझ्या सोसायटीस वगळा, माझ्या शाळेचे मैदान मोकळे करा, अशी निवेदने येतात. ती उत्तम भाषेत, वकिलांच्या सहीने आणि नकाशे जोडून आलेली असतात, कारण ती सुशिक्षितांची असतात. पुढच्या वेळी त्या गठ्ठ्यात ‘रेषा आहे तेथेच राहू द्या’ असे सांगणारे एक तरी निवेदन, आणि तेही रेषेच्या आत घर असलेल्या मनुष्याचे, निघेल काय? आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे नदीपासून फार दूर नाहीत. म्हणून हा प्रश्न आम्ही त्यांनाच विचारतो.